आमच्या भाऊजींचे फुकटचे डाव

आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, आजवर निदान दोनशे बायकांना लग्नाचं विचारलं असेल. दचकू नका, माणूस सरळ आहे. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करतात. गिऱ्हाईक उंच स्टुलावर बसतं, भाऊजी समोरून चष्मा चढवतात, दोन बोटांनी कानामागे चाचपतात, एक पाऊल मागे सरकतात आणि विचारतात, "दिसतंय ना नीट?" बाई म्हणते, "हो, छान दिसतंय." की लगेच, "मग आता नीट बघून सांगा, लग्न करता का माझ्याशी?"

सगळं दुकान हसतं. उत्तरही ठरलेलं आहे. "आता दिसायला लागलंय, म्हणूनच नको!" काही आज्या तर महिन्यातून दोनदा चष्म्याचा स्क्रू घट्ट करायला येतात, तो ढिला नसला तरी. माझ्या आईला त्यांनी बाबांच्या देखत विचारलं. आई म्हणाली, "दोन दिवस विचार करून सांगते." बाबा महिनाभर तिच्याशी धड बोलले नाहीत.

आणि हाच माणूस खरं लग्न म्हटलं की गळपटायचा. मी काही कमी खटपट केली नाही. ओळखीतली एक शिक्षिका, मग एक बँकेतली, दोघी चांगल्या होत्या. भेटायचा दिवस उजाडला की भाऊजींच्या पोटात कळ. एकदा तर मी तयार होऊन दारात उभी आणि हे मागच्या खोलीत पांघरुणात. "वहिनी, ताप आहे." हात लावून बघितला तर कपाळ गारगार. माझी अशी सणक गेली डोक्यात! पण आमचे हे, म्हणजे भाऊजींचे थोरले भाऊ, विजेचे मीटर वाचत दिवसभर जिने चढून दमून आलेले, ते म्हणाले, "जाऊ दे गं." आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय या तीन शब्दांत होतात. तर भाऊजी पंचेचाळिशीला आले तरी आमच्या मागच्या खोलीतच. माझी चांगली कात्री त्यांच्या खोलीत, माझे मऊ फडके त्यांच्या काचा पुसायला, आणि वर मलाच विचारतात, "वहिनी, माझा तो पिवळा रुमाल कुठे गेला?"

या माणसाला पत्त्यांचा नाद लागला तोही असाच, फुकट होता म्हणून. फरशीच्या दुकानावर एक हॉल आहे. तिथे रविवारी दुपारी पोकरची स्पर्धा असते, प्रवेश फुकट. हॉलवाल्याचा धंदा चहा आणि सँडविचवर चालतो. आल्या आल्या प्रत्येकाला पैशांच्या जागी लावायला सारख्या चकत्या मिळतात, त्या संपल्या की तुम्ही बाद, आणि शेवटी जो उरतो त्याला शनिवारच्या टेबलावर एक जागा मिळते. शनिवारचं प्रकरण वेगळं. तिथे पैसे भरून बसायचं, आणि तिथे म्हणे कोणी मोठ्याने हसतसुद्धा नाही.

भाऊजी कित्येक वर्षं रविवारी जात होते आणि शनिवारची जागा त्यांना एकदाही मिळाली नव्हती. कधी चौथे, कधी तिसरे. मी म्हणायचे, "अहो, एवढी हौस आहे तर भरा पैसे आणि बसा शनिवारी. तुम्ही काय भीक मागता का?"

"छे छे वहिनी. जिंकून बसायचं. तत्त्व आहे माझं."

तत्त्व! माणूस घाबरला की त्याला कुठून कुठून तत्त्वं सुचतात. मी दातांच्या दवाखान्यात नंबर लावायला बसते. आत खुर्चीत जायची वेळ आली की चांगले धट्टेकट्टे पुरुष मला सांगतात, "औषधाने दुखणं दाबणं बरोबर नाही, निसर्गावर सोडावं." घाबरलेलं तोंड मी रस्त्याच्या पलीकडून ओळखते.

तर अशा आमच्या भाऊजींच्या दुकानात एक दिवस लिफ्टवाली आली. ही लिफ्ट दुरुस्त करते. कंपनीचं जाड जॅकेट, पायांत बूट, नखांत ग्रीस, वय चाळिशीच्या आसपास. पॅनेलवरचे बारीक आकडे दिसेनासे झाले म्हणून चष्मा करायला आली होती. भाऊजींनी चष्मा चढवला, मागे सरकले, नेहमीचा प्रश्न टाकला आणि हसू फुटायची वाट बघत उभे राहिले.

ती हसली नाही. म्हणाली, "डावीकडे कानामागे टोचतंय. आधी ते नीट करा."

भाऊजींनी ते नीट केलं. दोनदा केलं. संध्याकाळी घरी आले ते जेवताना पाण्याचा पेला हातात धरून बसले. "वहिनी, ती हसलीच नाही हो." मी म्हटलं, चला, एक तरी शहाणी निघाली. पण मनात म्हटलं, अगंबाई! कारण माणूस पाणी पीत नव्हता, नुसता पेल्यात बघत होता. चार दिवसांनी बातमी आली की लिफ्टवाली दर शनिवारी हॉलवर खेळते. आणि तरीही आमचे भाऊजी जात होते रविवारीच!

त्यांचं पहिलं खरं बोलणं झालं ते माझ्या जिवावर. आमच्या इमारतीची लिफ्ट म्हातारी आहे. त्या दिवशी मी आणि भाऊजी बाजारातून येत होतो, माझ्या हातात बटाट्यांची पिशवी, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट जी थांबली ती थांबलीच. वॉचमनने फोन केला. बऱ्याच वेळाने वरचं दार हातभर उघडलं आणि त्या फटीत, अगदी आमच्या डोळ्यांसमोर, दोन बूट येऊन उभे राहिले.

"घाबरू नका," बुटांच्या वरून आवाज आला. "केबल ठीक आहे. थोडा वेळ लागेल."

भाऊजींनी बूट ओळखले! मला कोपराने ढोसून कुजबुजले, "तीच." मग घसा साफ करून बुटांना म्हणाले, "तुम्ही रविवारी का येत नाही हॉलवर?"

"कोण, चष्मेवाले का?" वर पाना फिरत होता. "मी फुकट डाव खेळत नाही. हात बिघडतो."

झालं. दुसरा एखादा गप्प बसला असता. पण भाऊजींना त्यांच्या रविवाराबद्दल कोणी बोललेलं खपत नाही. "बिघडतो कसा? उलट नवशिक्याने फुकटातच शिकावं. पत्ते कसे धरायचे, पाळी कुणाची, कशावर काय मोठं, सगळं तिथे कळतं. चुकलात तर जातंय काय? पोहायला शिकताना आधी उथळ पाण्यातच उतरवतात ना?"

"उथळ पाण्यात सगळे उभेच राहतात, चष्मेवाले. पोहत कोणी नाही. काही जाणारच नाही म्हटल्यावर माणूस पहिल्याच डावाला सगळ्या चकत्या पुढे ढकलतो. समोरचाही ढकलतो. त्यात विचार कुणी केला? हातात काही नसताना थाप मारायला जावं तर कुणी घाबरून पत्ते टाकून डाव सोडतच नाही. नवा माणूस तेच शिकतो आणि मग शनिवारी येऊन आमच्याकडे रडतो."

"मी नाही रडणार."

"तुम्ही येतच नाही."

बूट जरा हलले. भाऊजींचे कान लाल. मी तोवर ऐकत होते, पण बटाट्यांनी माझा हात तुटायला आला होता. मी ओरडले, "अहो, तुमचं भांडण बाहेर काढल्यावर नाही का होणार? आधी दार उघडा!"

बूट वाकले आणि फटीत चष्मा लावलेला एक चेहरा उलटा आला. "तुम्ही वहिनी ना? तुम्हाला पोकर येतं?"

"मला साधं झब्बूसुद्धा येत नाही."

"मग झालं. यांनी तुम्हाला थंडी संपेपर्यंत रविवारी खेळवायचं. फुकटातच. नंतर शनिवारी माझ्या टेबलावर या. नवशिक्याचं भलं होतं की वाटोळं होतं, ते आपल्याला बघता येईल."

मी हो म्हटलं. त्या क्षणी मला कोणी सर्कशीत दोरीवर चालायला सांगितलं असतं तरी हो म्हटलं असतं. बाहेर आल्यावर म्हटलं, ही काय नसती उठाठेव गळ्यात पडली! पण भाऊजींकडे बघितलं तर ते जिन्यावर उभे राहून खाली जाणारी बुटांची टपटप ऐकत होते. मग मी मनाशी ठरवलं, की पत्ते गेले खड्ड्यात, या माणसाला मी शनिवारी त्या बाईच्या समोर बसवणार. त्यासाठी मला काय वाटेल ते शिकावं लागलं तरी चालेल.

पहिल्या रविवारी मी तिथे चहा निवायच्या आत बाद झाले. भाऊजींनी सांगितलं होतं, दोन एक्के आले की ऑल-इन, म्हणजे सगळ्या चकत्या एकदम पुढे. मला एक्के आले नाहीत, पण शेजारच्या बेकरीवाल्याने सगळं पुढे ढकललं, पलीकडच्या बाईंनी ढकललं, मला वाटलं आता सगळ्यांनीच ढकलायचं असतं, म्हणून मीही ढकललं. बेकरीवाला आनंदाने हरला आणि घरी झोपायला गेला. तो पहाटेपासून उभा असतो, त्याला रविवारी दुपारी लवकर हरलेलंच बरं वाटतं.

हळूहळू मला त्या हॉलची रीत कळली. अर्धी माणसं पहिल्या अर्ध्या तासातच आपलीआपण मरतात, त्यांना मारावं लागत नाही. आपण पत्ते टाकत, सँडविच खात बसायचं. आणखी एक रीत म्हणजे डाव संपला की कोणीही उठून कोणाचेही टाकलेले पत्ते उलटून बघायचं. "बघू बघू, काय होतं तुझ्याकडे?" सगळ्यांचे हात सगळ्यांच्या पत्त्यांवर. मला ते फार आवडलं. दवाखान्यात मी दिवसभर बंद दाराबाहेर बसते, आत काय चाललंय ते कधी बघायला मिळत नाही.

आणि भाऊजी? रविवारी भाऊजींना बघावं. बाह्या वर, खुर्ची तिरकी, हातात कचरा असला तरी "ऑल-इन!" म्हणून गर्जना. हरले तर टाळ्या, जिंकले तर टाळ्या. समोर बाई असली तर, "हरलात तर लग्न करावं लागेल हं!" सगळा हॉल खिदळायचा. मी त्यांना शेजारून बघायचे आणि मला प्रश्न पडायचा, हाच का तो तापाचं सोंग घेऊन पांघरुणात शिरणारा?

थंडी सरत आली तेव्हा एका रविवारी आक्रीत झालं. मी जिंकले. काही कर्तबगारी नाही, सँडविच संपेपर्यंत बाकीचे संपले होते. हॉलवाल्याने माझ्या हातात शनिवारच्या जागेची चिठ्ठी ठेवली. भाऊजी अभिनंदन म्हणाले, पण तोंड असं की कोणीतरी काढा पाजलाय. इतकी वर्षं ते ज्या चिठ्ठीमागे होते ती मी बटाटे सोलणारी बाई घेऊन चालले होते.

"आता तुम्ही पैसे भरणार," मी जिन्यातच सांगितलं. "मी तिथे एकटी जाणार नाही."

"वहिनी, माझं तत्त्व..."

"तत्त्व इस्त्री करून ठेवते मी कपाटात. शनिवारी पांढरा शर्ट घाला."

शनिवारी संध्याकाळी त्याच हॉलमध्ये पाय ठेवला आणि वाटलं चुकून दुसरीकडेच आलो. टेबल एकच. वर हिरवं कापड. हॉलवाला स्वतः पत्ते वाटायला, स्वच्छ दाढी करून. बेकरीवाला होता, पण रविवारचा तो हा नव्हेच! हा डोळे बारीक करून बसला होता आणि एकेक चकती अशी ठेवत होता की जणू कच्चं अंडं ठेवतोय. लिफ्टवाली माझ्या समोर, भाऊजी तिच्या शेजारून तिसरे. तिने मान हलवून विचारलं, "शिकलात का?" मी म्हटलं, "बघू या."

तर नवशिक्याचं भलं होतं की वाटोळं, याचा निकाल ऐका. पाळी चुकले नाही, पत्ते नीट धरले, एकदाही "एक्का मोठा की राजा?" विचारलं नाही. तेवढं रविवारने शिकवलं, हे नाकारलं तर पाप लागेल. पण समोरच्याने चकत्या पुढे केल्या की मला राहवेना. रविवारी तो थापाच मारत असायचा ना! मी प्रत्येकाला खोटारडा समजत गेले आणि प्रत्येकाने मला खरे पत्ते दाखवले. बेकरीवाल्याने तर मला दोनदा एकाच पद्धतीने सोललं. बघता बघता मी बाद. लिफ्टवाली हसली नाही, पण तिला किती आनंद झाला ते कळत होतं.

"बघितलंत?" ती भाऊजींना म्हणाली.

भाऊजींनी आपल्या चकत्यांची थप्पी सरळ केली. मी उठून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले आणि मग माझ्या लक्षात आलं. हे तर आमच्या दवाखान्यातलं तोंड! दोन्ही हात मांडीवर, आणि पत्ते आले की बघायचे, टाकायचे. बघायचे, टाकायचे. चांगले पत्तेसुद्धा! रविवारी कचऱ्यावर गर्जना करणारा माणूस इथे हातात राण्यांची जोडी असताना शेपूट घालत होता. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, मला राग आला. म्हटलं, मी एवढी थंडी या हॉलमध्ये काढली ती हे बघायला?

मग तो डाव आला. भाऊजींच्या हातात दोन राजे. मधल्या कापडावर सगळ्यांचे सामाईक पाच पत्ते उघडले, त्यातही राजा होता. बाकीचे नव्वी, सत्ती, चव्वी, दुर्री, रंगही वेगवेगळे. म्हणजे भाऊजींचे तीन राजे, आणि त्या पाच पत्त्यांवर तीन राजांना हरवणारं काही होऊच शकत नव्हतं. एवढं मलाही कळत होतं! सगळ्यांनी पत्ते टाकले होते, उरली होती फक्त लिफ्टवाली. आधीच्या डावात तिचं बरंच गेलं होतं, भाऊजींपेक्षा तिच्यापुढे कमी चकत्या होत्या. तिने त्या सगळ्या दोन्ही हातांनी पुढे ढकलल्या. "ऑल-इन."

माझ्या मनात आलं, देवा, अखेर. नुसतं "आलो" म्हणून तेवढ्याच चकत्या पुढे करायच्या होत्या.

भाऊजींनी तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग दोन्ही राजे पालथे सरकवून दिले. "टाकले."

लिफ्टवालीने चकत्या ओढल्या. पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसू आलं. "काय होतं?"

"काही नाही. कचरा."

आणि माझा हात पुढे गेला. आता रविवारची सवय म्हणा, संताप म्हणा. "कचरा काय कचरा!" म्हणत मी ते दोन पत्ते उलटले.

खाली फरशीच्या दुकानाचं शटर ओढलं तेही वर ऐकू आलं. मला कसं ठाऊक असणार, की शनिवारी दुसऱ्याचे टाकलेले पत्ते उलटणं म्हणजे कुणाच्या घरात शिरून कपाट उघडण्यासारखं? हॉलवाला म्हणाला, "बाई, भिंतीशी जाऊन बसा. हात मांडीवर. आणि पुन्हा या टेबलावर तुम्हाला जागा नाही." मी गपगुमान जाऊन बसले. पण राजे सगळ्यांनी बघितले होते.

लिफ्टवालीचं हसू उतरलं होतं. "म्हणजे मी तुम्हाला फसवलंच नाही," ती म्हणाली. तिने आपले पत्ते उघडले. तिर्री आणि अठ्ठी, नुसती थाप. "मी खुश होत होते! दया केलीत माझ्यावर?"

"नाही हो." भाऊजींचा आवाज इतका बारीक होता की बेकरीवाला कान पुढे करून बसला. "भीती वाटली."

"तीन राजे हातात असताना हरायची भीती?"

"हरायची नाही. जिंकायची. तुम्ही बाद झाला असता. मग जॅकेट घालून घरी गेला असता."

लिफ्टवालीने चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला. बेकरीवाल्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी भिंतीशी हात मांडीवर घेऊन बसले होते म्हणून, नाहीतर उठून टाळ्या वाजवल्या असत्या.

डाव संपल्यावर ती जिन्यात थांबली होती. मी शहाण्यासारखी चार पायऱ्या खाली गेले. ऐकू येईल एवढ्याच खाली. भाऊजींनी तोंड उघडलं, "तर मला असं म्हणायचं होतं, की लग्न..."

"ते वाक्य नको," ती म्हणाली. "ते तुम्ही गावभर वाटलंय. मला उष्टं नको."

भाऊजींकडे दुसरं वाक्य होतंच कुठे? इतकी वर्षं एकच वाक्य फुकट वाटत सुटले, आणि नेमकं हवं तेव्हा ते चालेना. मला त्या क्षणी त्यांची इतकी कीव आली की वर जाऊन त्यांच्या वतीने मीच विचारणार होते.

लिफ्टवाली दोन पायऱ्या उतरली आणि वळून म्हणाली, "पुढच्या शनिवारी या. राजे आले तर राजे खेळायचे. माझ्यासाठी सोडायचे नाहीत. मी हरले तर काय करायचं ते माझं मी बघेन."

तो आठवडा कसा गेला ते मला विचारा. भाऊजींनी एका गिऱ्हाइकाची उजवी काच डावीकडे बसवली. जेवताना भाजीत पाणी ओतलं. आणि मुख्य म्हणजे दुकानात ते वाक्य बंद. स्क्रू घट्ट करायला येणारी एक आजी तरातरा आमच्या दवाखान्यात आली आणि मलाच दम भरला, "तुझ्या दिराला काय झालंय? मला त्याने विचारलं नाही! मी काय इतकी म्हातारी झाले?" आमच्या यांनीसुद्धा रात्री पेपर खाली ठेवून विचारलं, "याचं काही दुखतंय का?" मी म्हटलं, हो, आणि चांगलं आहे, दुखू दे.

शनिवारी भाऊजी स्वतःहून पैसे भरून बसले. मला हॉलवाल्याने भिंतीशी बसू दिलं, पण दोन्ही हात दिसले पाहिजेत या अटीवर. पहिला तासभर काही घडलं नाही. मग पुन्हा तेच दोघे उरले एका डावात. या वेळी राजेबिजे काही नव्हतं, हे मला मागाहून कळलं. भाऊजींच्या हाती साध्या दोन जोड्या होत्या, हरूही शकल्या असत्या. लिफ्टवालीने सगळ्या चकत्या पुढे केल्या आणि हाताची घडी घातली.

भाऊजींचा चेहरा पांढराफटक. मी त्यांना ओळखते, आता उठून ताप आहे म्हणतील असं वाटलं. हात चकत्यांकडे गेला, थांबला, पुन्हा गेला. शेवटी त्यांनी सगळं पुढे ढकललं. एक चकती निसटून खाली पडली ती कुणी उचललीसुद्धा नाही.

पत्ते उघडले. भाऊजींच्या दोन जोड्या, तिची एक. लिफ्टवाली बाद.

ती उठली. "चांगलं खेळलात," म्हणाली. खुर्चीच्या पाठीवरचं जॅकेट काढलं, एक बाही चढवली, दुसरी चढवली. भाऊजी चकत्यांच्या ढिगाकडे बघतच नव्हते. ती दाराकडे निघाली आणि मी अंगठे चावत बसले, हात दिसले पाहिजेत ही अट विसरून. हॉलवालाही मला काही बोलला नाही, तोही दाराकडेच बघत होता.

दाराशी रिकाम्या खुर्च्यांची थप्पी होती. तिने वरची एक उचलली, कर्रकर्र ओढत टेबलापर्यंत आणली आणि भाऊजींच्या खुर्चीमागे ठेवून तीवर बसली. जॅकेट काढून मांडीवर घेतलं.

भाऊजी मान वळवायला गेले. "पत्त्यांकडे बघा," ती म्हणाली. "मी आहे इथेच."

पुढच्याच डावात भाऊजी सगळ्या चकत्या हरले. बेकरीवाला जिंकला आणि तोच हिरमुसला, कारण त्याच्याकडे कोणी बघायलाही तयार नव्हतं. मी माझी पिशवी उचलली, त्या दोघांना न सांगता जिना उतरले आणि रस्ताभर रडत घरी आले.